‘सोपे आहे हो!’

श्रावणातला रविवार होता. सकाळच्या कर्जत लोकलमध्ये, दाराशी पाठपिशव्यांचा ढीग रचून, सात-आठ तरुण मुलामुलींचा घोळका उभा होता. त्यांतली एक नवशिकी मुलगी पुन्हा पुन्हा विचारीत होती, “पण वाट कशी आहे? मला जमेल ना?” त्या घोळक्याशी काडीचाही संबंध नसलेले, खिडकीशी बसलेले एक गृहस्थ वर्तमानपत्र खाली करून म्हणाले, “सोपे आहे हो! आम्ही गेलो होतो ना. दोन तासांत वर!” आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेले. केव्हा गेला होतात, कोणत्या महिन्यात, कोणत्या वयात, कोणत्या वाटेने, बरोबर कोण होते, यांतले एक अक्षर त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. मुलीचा चेहरा मात्र उजळला. गृहस्थांना पुण्य लागले. गाडी पुढे गेली.

या दोन शब्दांविरुद्ध मला आज फिर्याद गुदरायची आहे. लाडू-चिवड्याच्या दिवसांत हे कडू कारले कशाला, असे वाचकांनी म्हणू नये. पाऊस सरून थंडीची चाहूल लागली की घरोघर डोंगराचे बेत शिजू लागतात, आणि ज्याला त्याला सल्ला देण्याचा ऊत येतो तो नेमका याच दिवसांत. डोंगरात माणसे कड्यावरून पडतात, पाण्यात वाहून जातात, उन्हाने कोसळतात, वाट चुकून रात्र काढतात. दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, “काय हा आगाऊपणा!” आणि मोकळे होतो. त्या आगाऊपणाच्या आधी, चार दिवस, कोणीतरी चहाचा कप हातात घेऊन “सोपे आहे हो” म्हणालेला असतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. त्याचे नाव कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

‘सोपे’ हे वाटेचे विशेषण आहे, ही पहिली चूक. वाट सोपी किंवा अवघड नसते; ती अमुक महिन्यात, अमुक वाजता, अमुक माणसाला सोपी किंवा अवघड असते. सह्याद्रीत तर हे फारच खरे. हा डोंगर वर्षातून किमान तीनदा आपले रूप बदलतो. पौषात ज्या कातळावर पोर उड्या मारीत जाते, त्याच कातळावर आषाढात शेवाळ धरते आणि तिथे पट्टीच्या माणसाचाही पाय ठरत नाही. ज्या नाळेतून मार्गशीर्षात सावलीसावलीने चढावे, तिच्यातून पावसाळ्यात पाण्याचा लोंढा दगड घेऊन उतरतो. आणि चैत्रात तीच वाट, पाण्याचा थेंब नसताना, भर दुपारी चढू पाहणाऱ्याचे डोके फिरवून टाकते. वाट एक, नाव एक, परंतु डोंगर तीन. आपण मात्र ‘सोपा, मध्यम, अवघड’ अशा तीन खुंट्या ठोकून सारे गडकिल्ले त्यांवर टांगून ठेवले आहेत. महिन्याचे नाव नसलेला असला सल्ला म्हणजे तारीख नसलेले औषध.

गर्दीचेही तेच. त्र्यंबकेश्वराजवळच्या हरिहर गडाच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या आता प्रसिद्ध झाल्या आहेत. ज्याला उंचीचे भय नाही त्याला मोकळ्या पायऱ्यांवर, कोरड्या दिवशी, खोबण्यांत हात घालून वर जाणे फारसे जड नाही. परंतु रविवारी त्याच अरुंद पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना भिडले, मध्येच कोणी छायाचित्रासाठी थबकला, कोणाचा धीर सुटून तो खाली बसला, म्हणजे ती जागा सोपी की अवघड? दगड तोच आहे. अवघडपणा तिथे दगडातून उठून माणसांत आला आहे. हे सांगणारा सल्लागार मला अद्याप भेटायचा आहे.

आणि ते ‘दोन तास’! वेळेइतकी ढिलाईने सांगितली जाणारी दुसरी गोष्ट आपल्याकडे नाही. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा हिशेब घालून दिला: दर तीन मैलांना, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरना, एक तास, आणि त्यावर चढाच्या दर दोन हजार फुटांना, म्हणजे सुमारे सहाशे मीटरना, आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा, चांगल्या वाटेचा, आणि मध्ये न थांबण्याचा. त्यात आपल्याकडचे ऊन नाही, पाऊस नाही, धुके नाही, पाठीवरचे ओझे नाही, आणि बरोबरच्या मंडळींतल्या सर्वांत मंद माणसाचे पाऊलही नाही. त्या बिचाऱ्याने निदान बेरीज तरी केली होती. आमचे सल्लागार बेरीज करीत नाहीत. ते आठवण सांगतात. आणि आठवणीत चढ नेहमीच बुटका होतो. दहा वर्षांपूर्वीची दमछाक विसरलेली असते, शिखरावरचा वारा तेवढा ध्यानात असतो. ‘दोन तास’ हा त्या वाऱ्याचा हिशेब असतो, वाटेचा नव्हे. उतरायला किती वेळ लागतो, हे तर कोणी सांगतच नाही. जणू माणसे वर जातात आणि तिथेच विरघळून जातात! गुडघे जातात ते उतारावर, अंधार गाठतो तो उतारावर, आणि पाय घसरतो तोही बहुधा उतारावरच.

या सल्लागारांच्या जाती आहेत. एक जात पराक्रम्यांची. “बूट कसले घेऊन बसलात? गावची माणसे अनवाणी चढतात! आम्ही चपलेवर गेलो होतो.” गावची माणसे अनवाणी चढतात हे खरे, परंतु त्या तळपायांत तीस वर्षांची वाट मुरलेली असते. तुमचे तळपाय फरशीवर वाढले. त्याच गावचा माणूस पावसाचे चिन्ह दिसले तर नाळेत उतरत नाही, हातची काठी सोडत नाही, आणि डोक्यावरच्या इरल्याखाली तुमच्यापेक्षा कोरडा असतो, हे मात्र पराक्रमी सांगत नाहीत. त्यांनी गावकऱ्याच्या पायांतले अनवाणीपण तेवढे उचलले. डोक्यातले शहाणपण तिथेच ठेवले.

दुसरी जात दुकानदारांची. यांच्या मते बूट, काठ्या, तंबू, दिवे, पिशव्या यांची यादी पुरी झाली की डोंगर आपोआप नमतो. चांगल्या तळव्याचे बूट हवेत, विजेरी हवी, पाणी भरपूर हवे, यात वाद नाही. परंतु महागड्या बुटालाही शेवाळ ओळखता येत नाही, आणि मोबाईलमधल्या नकाशावर वाटेची रेघ दिसते, रेघेवरून वाहणारे पाणी दिसत नाही. शिवाय दरीत उतरल्यावर रेंज जाते आणि थंडी-पावसात बॅटरीही जाते. मग हातात राहते ती एक काळी काच.

तिसरी जात सर्वांत घातकी, ती वैद्यांची. “साप चावला तर ब्लेडने चीर द्यावी, रक्त चोखून थुंकावे, वर करकचून दोरी बांधावी.” हा सल्ला मी आजही, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून, शेकोटीभोवती ऐकतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांचे विष उतरवण्याचा उपाय एकच: इस्पितळातले प्रतिविष. तोवर माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव मोडलेल्या हाडासारखा हलू न देता ठेवावा, त्याला चालवू नये, उचलून न्यावे. चिरल्याने जखम वाढते आणि करकचून बांधल्याने अवयव गमावण्याची पाळी येते. तीच गत इतर उपदेशांची. “थंडी वाजली तर तंबूतच निखारे ठेवा” म्हणणाऱ्याला ठाऊक नसते की बंद तंबूत कोळशाचा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. “कड्याखाली गुहेत छान शेकोटी करा” म्हणणाऱ्याने वर मान करून आग्या मोहोळ पाहिलेले नसते. धुराने उठलेल्या त्या माश्या शिकलेले आणि अडाणी असा भेद करीत नाहीत. “धबधब्याखाली बसा, पाऊस तर थांबलाय” म्हणणाऱ्याला हे कळत नसते की पाऊस इथे थांबला असला तरी वर पठारावर पडत असतो, आणि ते पाणी खाली पोहोचायला कधी कधी काही मिनिटेच पुरतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे गेली. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात पाला-काटक्या येऊ लागणे, आवाज जड होणे, या खुणा दिसताच सामान तिथेच टाकून बाजूच्या उंचावर चढायचे असते. हे चार शब्द सांगायला ‘सोपे आहे हो’ म्हणण्याहून फार वेळ लागत नाही.

आता माझे. फिर्यादी स्वतःच आरोपी असला म्हणजे खटला लवकर चालतो, म्हणून सांगतो.

खांडसहून भीमाशंकरला जायला दोन वाटा आहेत. एक गणेशघाटाची, लांबची पण सरळ. दुसरी शिडीघाटाची, जवळची आणि उभी, मध्ये कड्याला लोखंडी शिड्या लावलेली. दोन्ही वाटा पदरावर, वाडीच्या जवळ, एकत्र येतात आणि तिथून पुढचा चढ एकच. मी शिडीघाटाने एकदा गेलो होतो, जानेवारीत. आकाश निळे, कातळ कोरडा, बरोबर दोन जुने जाणते मित्र. शेजारच्या बिऱ्हाडातला मुलगा, नुकता महाविद्यालयात गेलेला, जिन्यात भेटला आणि म्हणाला, “काका, तुम्ही शिडीघाटाने गेला होतात ना? कशी आहे वाट?” मी कुलूप लावीत होतो. कामावर जायला उशीर होत होता. मान न वळवता मी म्हणालो, “सोपी आहे रे! दोन तासांत पदरावर.”

तो जुलैचा पहिला आठवडा होता. मी महिना विचारला नाही. दुसऱ्या रविवारी पाच पोरे गेली. शिडीच्या वरच्या अंगाला, पाणी वाहत्या कातळावर, त्याचा पाय सुटला. नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले. वर पाऊस, खाली धुके, पाच वाजताच अंधारून आलेले. एक पोरगा कसाबसा वर वाडीत पोहोचला. वाडीतली आठ माणसे कंदील, विजेऱ्या आणि एक बांबू घेऊन उतरली. त्यांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली, मुलाला तीत घातले, आधी वर पदरावर काढले, आणि मग लांबच्या गणेशघाटाने, रातोरात, पाळीपाळीने खांदा देत खांडसला आणले. पोरांनी खिसे उलटे करून पैसे पुढे केले. त्यांतल्या म्हाताऱ्याने ते घेतले नाहीत. तो एवढेच म्हणाला, “बॅटरीचं सेल तेवढं द्या.” आणि मग त्याने विचारले, “वाट कोनाला इचारली व्हती, पोरांनो?”

“आमच्या शेजारच्या काकांना,” झोळीतला मुलगा म्हणाला.

हे मला त्याच्या मित्राने सांगितले. मुलाने कधी सांगितले नाही. त्याचे वडील इस्पितळाच्या बाकावर मला म्हणाले, “तुमची यात काय चूक? पोरेच हूड.” त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. मुलाच्या पायात सळई आहे. जिना उतरताना तो आजही दर पायरीला कठड्यावर हात ठेवतो, आणि त्याच्या अंगठीचा लोखंडावर होणारा टकटक आवाज मी माझ्या दारामागून ऐकतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पायऱ्या पुष्कळ आहेत.

म्हणून, असल्या सल्ल्याला मी निरागस मानायला तयार नाही. त्यात ज्ञान देण्याची इच्छा नसतेच. ‘मीही गेलो होतो’ हे मिरवण्याची असते. त्या मुलाने मला वाट विचारली, आणि मी त्याला माझे शौर्य सांगितले.

आता दुसरी बाजू पाहा. अपघात झाला की सरकार जागे होते आणि आपल्या परीने दुसरे दोन शब्द उच्चारते: ‘बंद आहे!’ पावसाळा आला की जिल्ह्याजिल्ह्यांतून मनाईहुकूम निघतात. पूर्वी ते १४४ कलमाखाली निघत, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १६३ कलमाखाली निघतात. कलमाचा आकडा बदलला, उपाय तोच. धबधबे बंद, घाट बंद, गड बंद. जिथे खरोखरच पूर आहे तिथे माणसांना अडवावे, हे मला मान्य आहे. परंतु सरसकट मनाई हा ‘सोपे आहे’चा सख्खा भाऊ आहे असे माझे स्पष्ट मत आहे. एक म्हणतो सगळे सोपे, दुसरा म्हणतो सगळे बंद. आणि दोघांनाही डोंगर जाणून घेण्याचा त्रास वाचवायचा असतो. मनाईने काय होते? सज्जन घरी बसतो, हूड पोर मागच्या वाटेने जाते, आणि ज्या गावकऱ्याने त्याला हटकले असते त्याची चहा-भाकरीची टपरी त्याच हुकुमाने उठवलेली असते. वाटेवरचा एकमेव शहाणा माणूस आपण हलवतो आणि त्याच्या जागी फलक लावतो.

कोणी म्हणेल, “इतकी भीती घातलीत तर मराठी मुलगा घराबाहेर पडणार कसा? आपण हिरकणीच्या कुळातले!” मीही हिरकणीला मानतो. परंतु ती गोष्ट नीट ऐकावी. कोजागरीच्या रात्री रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि गवळण कडा उतरून गेली, ती मौजेखातर नव्हे. खाली तान्हे बाळ होते. आणि शिवरायांनी काय केले, असे आख्यायिका सांगते? ‘कडा सोपा आहे, सर्वांनी उतरावे’ अशी दवंडी नाही पिटली. त्यांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधून ती वाट बुजवली! धाडसाचे कौतुक आणि वाटेचा बंदोबस्त, ही दोन कामे एकाच वेळी करता येतात, हे त्या गोष्टीचे मर्म आहे. आम्ही कौतुक तेवढे ठेवले.

मुलांनी डोंगरात जाऊ नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. जावे, उलट अधिक जावे. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पहाटेचा वारा अंगावर घेतला नाही, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या कडेला पालथे पडून खालचे कोकण पाहिले नाही, राजगडाच्या संजीवनी माचीवर संध्याकाळ काढली नाही, त्याला आपण कोणत्या भूमीत जन्मलो हे कळायचे कसे? २०२५ च्या जुलैत साल्हेरपासून जिंजीपर्यंतचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांतले अकरा आपल्या महाराष्ट्रातले. गर्दी वाढणार हे उघड आहे. वाढो! म्हणूनच सल्ला देणाऱ्याच्या जिभेला आता अधिक वजन हवे.

ते वजन कसे येईल? माझ्या मते, ज्याला वाट विचारली गेली आहे त्याने उत्तर देण्याआधी उलट विचारावे: कधी जाणार? कोण कोण? त्यांत कधीच डोंगर न चढलेला कोण? निघणार किती वाजता? आणि सांगावे ते असे: ‘मी अमुक साली, अमुक महिन्यात गेलो होतो, तेव्हा पाणी इथे होते, अमुक ठिकाणी वाट फुटते, दुपारी अमुक वाजेपर्यंत माथा आला नाही तर जिथे असाल तिथून माघारी फिरा.’ माघारी फिरण्याची वेळ न सांगणारा सल्ला अर्धाच होय. एवढे सांगता येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही’ म्हणावे. मराठीतली ही तीन शब्दे उच्चारल्याने आजवर कोणाचा पाय मोडलेला नाही.

आणि शेवटचे, पण माझ्या लेखी पहिले: वाट पायथ्याच्या गावात विचारावी. काल रात्री वर किती पाऊस झाला, नाळेत दरड आली का, शिडीचा खिळा सुटला आहे का, हे वाडीतल्या माणसाला ठाऊक असते. कारण त्याची गुरे तिकडे जातात, त्याची बायको तिकडून मोळी आणते. त्याला बरोबर घ्यावे आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. चार हजारांचे बूट बिनतक्रार घेणारा माणूस वाटाड्याच्या पाचशे रुपयांवर “चालायलाच तर आहे, त्याचे कसले एवढे?” म्हणून कुरकुरतो, हे मी या कानांनी ऐकले आहे. महाशय, तो चालण्याचे पैसे मागत नाही. तुम्ही चुकलात तर अंधारात बांबू आणि घोंगडी घेऊन उतरणारा तोच आहे, आणि त्याचे पैसे तर तो घेतही नाही.

असो. गेल्या आठवड्यात जिन्यातला टकटक आवाज माझ्या दाराशी थांबला. मुलगा आत आला. म्हणाला, “काका, जानेवारीत जायचे म्हणतो. गणेशघाटाने, पदरापर्यंतच. त्या आजोबांना भेटायचे आहे. डॉक्टर हो म्हणालेत. येता?” आणि मग सवयीने विचारून गेला, “कशी आहे हो ती वाट?”

मी म्हटले, “मला ठाऊक नाही. खांडसला उतरल्यावर विचारू.”

बॅटरीचे सेल मात्र आणून ठेवले आहेत.